'द बर्ड्‌स': कथा, चित्रपट आणि तुमची एकांकिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतल्या तुमच्या ग्रुपला स्पर्धेसाठी डॅफ्ने द्यू मोरिये यांची 'द बर्ड्‌स' ही कथा करायची आहे. कथा वाचून झाली, मग आल्फ्रेड हिचकॉकचा त्याच नावाचा चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहिला आणि तिथून भांडण सुरू झालं. निम्मे म्हणतात चित्रपट जास्त थरारक, निम्मे म्हणतात त्यानं कथेची पार वाट लावली. आता संहिता कशावर बेतायची?

कथेवर. उत्तर लांबणार आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. भयकथा रंगमंचावर आणण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि ही कथा मी तालमीत वाचायला अनेकदा वापरलेली आहे. पण 'वाट लावली' हा आरोप मला मान्य नाही. हिचकॉकची पद्धतच तशी होती. गोष्ट एकदा वाचायची, मूळ कल्पना आवडली तर तेवढी ठेवायची आणि बाकीचं विसरून जायचं, हे त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. त्यामुळे किती प्रामाणिक राहिला हे मोजत बसण्यात वेळ घालवू नका. दोघं भीती कशातून तयार करतात ते बघा. ती यंत्रणा अगदी निराळी आहे, आणि तुमच्या कामाचं सगळं तिथंच आहे.

आधी कथा. ती १९५२ साली आली. द्यू मोरिये इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये राहायच्या. शेत नांगरणारा माणूस आणि त्याच्या डोक्यावर घिरट्या घालणारे समुद्रपक्षी हे दृश्य त्यांनी तिथं पाहिलं होतं. आपल्याकडे नांगरामागं, आता ट्रॅक्टरमागं, गायबगळ्यांची रांग चालते. कृष्णाकाठच्या माणसाला त्यात बघण्यासारखं काही वाटत नाही. त्या बाईंना वाटलं, हे उलटले तर?

कथेचा नायक नॅट हॉकेन युद्धात अपंगत्व आलेला, पेन्शनवर जगणारा, शेजारच्या शेतावर अर्धवेळ मजुरी करणारा माणूस. बायको, दोन लहान मुलं, किनाऱ्याजवळचं छोटं घर. ३ डिसेंबरला रात्रीत वारा फिरतो आणि थंडी पडते. त्याच रात्री मुलांच्या खोलीत पक्षी शिरतात. सकाळी मेलेले मोजले तर पन्नासच्या आसपास, आणि सगळे चिमणीएवढे किरकोळ पक्षी. इथून पुढं ही कथा पुन्हा वाचाल तेव्हा एक गोष्ट करा: नॅट जे जे हातानं करतो त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा. पानंच्या पानं भरतील. फळ्या ठोकणं, धुराड्याची सोय करणं, फटी बुजवणं, मेणबत्त्या किती, पाव किती, कोळसा किती याचा हिशेब. पुढं तर फुटलेल्या खिडकीच्या भोकात तो मेलेले पक्षीच कोंबतो. भीतीबद्दलची वाक्यं कथेत फार थोडी आहेत. बाईंनी आपल्याला घाबरवलं ते कामाच्या यादीनं, आणि ही यादी नटाला आयती मिळालेली आहे. रंगमंचावर घाबरलेला चेहरा पाच मिनिटांत शिळा होतो. खिळा ठोकणारा हात होत नाही.

दुसरं म्हणजे नियम. नॅटच्या लक्षात येतं की हल्ले भरतीबरोबर येतात आणि ओहोटीला थांबतात. साधारण सहा तासांचं चक्र. या एका शोधावर पुढची सगळी कथा उभी आहे. आता त्याला वेळ मिळतो, तो वेळ कसा वापरायचा हे ठरवावं लागतं, आणि वाचक त्याच्याबरोबर घड्याळ बघायला लागतो. नियम कळल्यावर भीती कमी व्हायला हवी, पण इथं ती वाढते. कारण पुढचा हल्ला किती वाजता आहे हे आता आपल्याला ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट रेडिओ. सुरुवातीला बीबीसी सांगतं की देशभर असं होतंय. मग आणीबाणी जाहीर होते. रात्री कार्यक्रम बंद होतात, सकाळी सात वाजता पुन्हा सुरू होणार असं सांगतात. सकाळी सात वाजता रेडिओवर काहीच नसतं. नॅट दुसरी स्टेशनं लावून बघतो, तिथंही काही नाही. बस. कुठल्या शहरात किती मेले, सरकारचं काय झालं, एक अक्षर नाही. कथा पुढं जाते तसं आपल्याला कमी कमी कळत जातं. शेवटी जग एका स्वयंपाकघराएवढं उरतं. ओहोटीच्या वेळात नॅट शेजारच्या शेतावर जातो, तर मालक ट्रिग आणि मालकीण मेलेले आणि गायी दूध न काढल्यामुळे हंबरताहेत. मला या कथेतली सगळ्यात भयंकर जागा ती वाटते. प्रेतांपेक्षा गायी. धार काढायची वेळ टळलेल्या गाईचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको.

आणि हे सगळं ज्या माणसांवर येतं त्यांना घरात कोंडून घेण्याची सवय आहे. युद्ध संपून सातच वर्षं झालीत. खिडक्यांना फळ्या, रात्रीचा अंधार, वरून येणारा मारा हे नॅटनं बॉम्बहल्ल्यांत भोगलेलं आहे आणि कथेत तो त्याची आठवण काढतो. शेजाऱ्यांना तेही सुचत नाही. ते हसतात, बंदूक घेऊन शिकारीला चला म्हणतात.

आता हिचकॉक. चित्रपट १९६३ चा, पटकथा एव्हन हंटरची (एड मॅकबेन या नावानं पोलिसी कादंबऱ्या लिहिणारा तोच). मजूर गेला, कॉर्नवॉल गेलं, रेडिओचं मौन गेलं. त्यांच्या जागी सॅन फ्रान्सिस्कोची श्रीमंत मुलगी मेलनी, एक वकील, त्याची आई, लव्हबर्ड्‌सची जोडी आणि बोडेगा बे नावाचं किनाऱ्यावरचं खेडं. हंटरची कल्पना अशी होती की सुरुवात हलक्याफुलक्या प्रेमविनोदासारखी करायची आणि हळूहळू ती भयात बुडवायची. खरं सांगायचं तर हा पूर्वार्ध मला आजही लांबलेला वाटतो. संवाद चटपटीत असल्याचा आव आणतात, तेवढे ते नाहीत.

पण मुख्य बदल वेगळाच आहे. हिचकॉकनं नियम काढून टाकला. भरती-ओहोटी नाही, वारा नाही. पक्षी वाढदिवसाला येतात, शाळेवर येतात, मधेच गप्प बसतात, कधी हल्ला करतील आणि कधी नाही याला काही धरबंध नाही. मग प्रेक्षकाला धरून ठेवायचं कशानं? त्याला पात्राआधी माहिती देऊन. शाळेबाहेरचा प्रसंग आठवा. आत मुलं गाणं म्हणताहेत, तेच तेच कडवं फिरून येतंय. मेलनी बाकावर सिगारेट ओढत बसलीय. तिच्या पाठीमागं मुलांच्या खेळायच्या लोखंडी सांगाड्यावर एक कावळा येऊन बसतो. मग आणखी काही. तिला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. मग बराच वेळ कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरच राहतो आणि मागं काय चाललंय ते आपल्याला दिसतच नाही. शेवटी उडणाऱ्या एका कावळ्यामागं तिची नजर जाते, आणि सांगाडा काळा झालेला असतो. कथेतलं माणूस आपल्याहून जास्त जाणतं आणि आपण त्याच्या मागं चालतो. चित्रपटातलं माणूस आपल्याहून कमी जाणतं आणि आपण खुर्चीत बसून तळमळतो. योगायोग असा की सिगारेट दोन्हीकडे आहे: नॅटची शेवटची सिगारेट कथेच्या शेवटी येते, मेलनीची संकट सुरू होताना. दोघांच्याही हातात ती वेळ मोजायला दिलेली आहे.

दुसरी जागा कपांची. वकिलाची आई लिडिया शेजारच्या शेतकऱ्याकडे जाते. स्वयंपाकघरात आकड्यांना लटकलेल्या कपांचे नुसते कान उरलेत, बाकी फुटलेलं. ती थबकते. त्याआधी तिच्याच घरात धुराड्यातून पक्षी घुसले होते आणि ती फुटक्या कपांचे तुकडे गोळा करत होती. म्हणून कप बघताच तिला कळतं, आणि आपल्यालाही. पुढं खोलीत प्रेत आहे, डोळे फोडलेले. हिचकॉक ते तीन झटक्यांत जवळ आणतो आणि काढून घेतो. लिडिया पळत बाहेर येते, तोंड उघडं, आवाज फुटत नाही. या प्रसंगात पार्श्वसंगीत नाही. खरं तर आख्ख्या चित्रपटातच ते नाही. बर्लिनचा ऑस्कर झाला (Oskar Sala) हा वादक मिक्स्टुअर-ट्राउटोनियम नावाचं विजेवर चालणारं वाद्य वाजवायचा. रेमी गासमान आणि त्यानं मिळून पक्ष्यांचे आवाज त्यावर घडवले. बर्नार्ड हर्मनसारखा मोठा संगीतकार सोबत होता, पण आवाजाचा सल्लागार म्हणून. म्हणजे तुम्ही ऐकता ते बरंचसं पक्ष्यांचं ओरडणं यंत्रातून आलंय, आणि म्हणूनच ते इतकं अंगावर येतं.

शेवटाकडे घराला वेढा पडतो तो भाग पुन्हा बघा. दिवे जातात, फळ्या ठोकल्या जातात, पक्षी फारसे दिसतच नाहीत, आवाज ऐकत माणसं भिंतींना चिकटून बसतात. तेवढ्यापुरता हिचकॉक सरळ द्यू मोरियेंकडे परत आलाय. तुमच्या भांडणाचा निकाल त्यात आहे: पक्षी दाखवायची जगातली सगळी सोय हाताशी असलेल्या माणसानंही ऐन मोक्याच्या वेळी ते झाकले. तुमच्याकडे तर ती सोयही नाही.

एका बाबतीत मात्र चित्रपट कथेच्या पुढं आहे, आणि तिथं मी मूळ लेखिकेची बाजू घेणार नाही. कथेत नॅटच्या बायकोला नावसुद्धा नाही. ती घाबरते, चहा करते, अमेरिका काहीतरी करेल ना म्हणून विचारते. एका बाईनं लिहिलेल्या कथेत बाई इतकी पुसट का, याचं मला नवल वाटतं. चित्रपटातली लिडिया नवरा गेल्यापासून पोरगा हातचा जाईल या धास्तीनं जगतेय, येणाऱ्या सुनेकडे संशयानं बघतेय. तिला घर आहे, दुःख आहे. जेसिका टँडीनं ती काय उभी केलीय! तुमच्या एकांकिकेत नॅटच्या बायकोला नाव द्या, आणि निर्णय घ्यायला लावा.

शेवट दोन्हींचा उघडा आहे. कथेत नॅट सिगारेटचं रिकामं पाकीट शेकोटीत टाकतो आणि जळताना बघत बसतो. बाहेर दार फोडणं चाललंय. चित्रपटात सगळे गाडीत बसून पक्ष्यांच्या गर्दीतून हळूहळू निघतात, आणि 'समाप्त'ची पाटी येत नाही. फरक इतकाच की गाडीचा रेडिओ चालू असतो. बाहेर जग आहे, बातम्या देतंय, सैन्याची गोष्ट बोलतंय. एका चालू रेडिओनं कथेतला सगळा अंधार निम्मा उतरतो. द्यू मोरियेंना चित्रपट आवडला नव्हता म्हणतात. कारण काही असो, मी त्यांच्या जागी असतो तर याच रेडिओवर बोट ठेवलं असतं.

आता आपल्या प्रेक्षकाबद्दल. नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचत वाढलेला आपला प्रेक्षक अरिष्टामागं कारण शोधतो. धारपांच्या समर्थांसारखं कुणीतरी येईल, हे अमुक आहे म्हणून सांगेल आणि उतारा करेल, ही त्याची सवय. 'द बर्ड्‌स' ना कथेत कारण सांगते, ना चित्रपटात. पण दोघांनीही एक शहाणपणा केलाय: पात्रांना कारणं शोधू दिली आहेत. कथेत गावातले लोक म्हणतात रशियानं पक्ष्यांवर विषप्रयोग केलाय. चित्रपटातल्या खाणावळीत एक दारुडा जगबुडी आली म्हणतो, एक पक्षितज्ज्ञ म्हातारी असं होऊच शकत नाही म्हणून ठासून सांगते, आणि घाबरलेली एक आई मेलनीवरच उलटते, तू आलीस तेव्हापासून हे सुरू झालं. तुम्हीही गावातला देवऋषी आणा, मास्तर आणा, पुढारी आणा. सगळ्यांना बोलू द्या. कुणालाही बरोबर ठरवू नका.

कॉर्नवॉल तसंच्या तसं करू नका, ही माझी दुसरी विनंती. कोट-टोप्या घालून 'मिस्टर ट्रिग' म्हणणारी पोरं मी पुष्कळ पाहिलीत. कथेतल्या माणसांच्या पाठीशी बॉम्बहल्ल्यांची आठवण आहे. तशी आठवण आपल्या भागाकडे आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाट, कोयनेचा भूकंप. सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसांना विचारा, त्यानंतर छपराखाली झोपायची भीती कशी बसली होती ते सांगतील. हादरे चालूच होते, लोक ऐन थंडीत अंगणात अंथरुणं टाकत होते. आता त्याच आठवड्यात पक्षी आणा. घरात झोपावं तर भिंत अंगावर येईल, बाहेर झोपावं तर आभाळ. द्यू मोरियेंच्या माणसाला निदान घराचा भरवसा होता. तुमच्याला तोही नाही. आणि कारणं सांगणाऱ्यांना आयतं खाद्य: कुणी म्हणेल धरणाचं पाणी, कुणी देवीचा कोप, कुणी पाकिस्तान. ६५ चं युद्ध ताजंच होतं.

जागा खटाव-माणकडची धरा. डिसेंबरात तिकडं रानात शाळू उभा असतो, भोरड्यांचे थवे उतरायची हीच वेळ. माळ्यावर राखणीला बसलेली पोरगी गोफण फिरवते, दगड सुटतो, पण थवा उडत नाही. सगळे नुसते मान वळवून तिच्याकडे बघतात. माझ्या मते तुमचा पहिला प्रवेश हा आहे. पक्षी दाखवायचे नाहीत. पोरगी प्रेक्षकांकडे तोंड करून उभी, गोफण हातात लोंबतेय, आणि ती खाली बापाला सांगतेय की उडंना झालीत.

नियमाचं काय करायचं? समुद्र नाही म्हणून भरती नाही. पण नियम ठेवाच, त्याच्यावाचून मधली वीस मिनिटं ढासळतील. मी असतो तर उजेडाचा नियम केला असता. दिवसा कावळे, घारी, भोरड्या. रात्री घुबडं, पिंगळे. मधे दिवेलागणीला आणि पहाटे थोडा वेळ पाळी बदलते, तेवढ्यात पाणी आणायचं, सरपण आणायचं, शेजारी कोण उरलंय बघायचं. ज्या वेळेला आजी पोरांना घरात बोलावते तीच वेळ बाहेर पडायची झाली, तर आजीला ते पटवून देण्यात एक आख्खा प्रवेश जाईल, आणि चांगला जाईल. वटवाघळं घुसडू नका. ती पक्षी नव्हेत, परीक्षकांत एखादे विज्ञानाचे सर असले तर नाटक सोडून तेवढंच धरून बसतील.

आवाजाचं आता. यूट्यूबवरून कावळ्यांची कावकाव उतरवून लावलीत तर प्रेक्षक हसेल, लिहून देतो. त्या ऑस्कर झालाचा धडा घ्या: आवाज पक्ष्यासारखा असायची गरज नाही. पत्र्यावर मूठभर चिंचोके टाका, आधी दोन, मग पाच, मग ओंजळ. ताडपत्री झटका. रिकामं सूप पाखडा. हे सगळं विंगेत न करता प्रेक्षागृहाच्या मागच्या दारापाशी करा, म्हणजे माणसं मान वळवतील. ट्रान्झिस्टर रंगमंचावर सतत दिसू दे, त्याचा आवाज पहिल्या अर्ध्या भागात जवळजवळ कंटाळा येईल इतका ठेवा: बाजारभाव, भूकंपाच्या बातम्या, भक्तिगीत. बंद पडेल तेव्हा पात्रांनी त्यावर एक शब्द बोलायचा नाही. कुणीतरी उठून बटण फिरवतं, खरखर, पुन्हा फिरवतं, आणि कामाला लागतं.

हक्कांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगणं भाग आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. द्यू मोरिये १९८९ साली गेल्या, म्हणजे २०४९ संपेपर्यंत कथा मोकळी नाही. पक्षी माणसांवर उलटतात ही नुसती कल्पना कुणाच्या मालकीची नसते. पण नॅटचं कुटुंब, भरतीचा नियम, रेडिओ, शेवटची सिगारेट अशी जुळणी उचललीत तर ते रूपांतर झालं आणि त्याला परवानगी लागते. भूकंपाची वाट धरलीत तर संहिता बरीच तुमची होईल, तरी प्रकाशकांना पत्र घाला. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) जाण्याच्या पुष्कळ आधी घाला. परवानगी नाहीच मिळाली तर डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची १९०२ ची 'द मंकीज पॉ' हाताशी ठेवा. जेकब्ज १९४३ साली गेले, त्यामुळे ती आपल्याकडे केव्हाच मोकळी झालीय. शिवाय तिच्यात एक घर, पाच माणसं आणि दारावरची थाप एवढंच लागतं.